समांतर जोडणी फळ्यावर शिकता येत नाही

हिवरखेडच्या कोणत्याही घरात स्वयंपाकघरातील दिवा मालवला तरी ओसरीवरचा दिवा जळत राहतो व पंखा फिरत राहतो. ही गोष्ट इतकी नित्याची झाली आहे की तिच्याविषयी कोणाला प्रश्नच पडत नाही. परंतु ती आपोआप घडत नाही. घरातील प्रत्येक उपकरण त्याच दोन तारांच्या दरम्यान स्वतंत्रपणे जोडलेले असते म्हणून ती घडते. विज्ञानाच्या पुस्तकात या रचनेला समांतर जोडणी म्हणतात. अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या या मोठ्या गावातील मूल जन्मापासून समांतर जोडणीच्या सहवासात वाढते; परंतु तिचा सविस्तर परिचय त्याला नववीच्या ‘धाराविद्युत’ या प्रकरणात, एका अपूर्णांकाच्या सूत्राच्या रूपाने होतो. सहावी ते आठवी या वर्षांत हाताला काम हवे असते आणि मनाला कारण हवे असते. नेमकी तीच वर्षे या विषयापुरती रिकामी जातात. समांतर जोडणी याच वयात, सूत्राच्या आधी आणि प्रत्येक मुलाच्या स्वतःच्या हाताने झाली पाहिजे. तसे न केल्याने होणारे नुकसान परीक्षेतील दोन गुणांचे नाही; खेड्यातील माणसाचे विजेशी जे रोजचे नाते आहे, त्याचेच ते नुकसान आहे.

खेड्यातील मूल विजेविषयी अजाण असते, असे मानण्याचे कारण नाही. कापूस, तूर, हरभऱ्याच्या या मुलखात डीपी जळणे म्हणजे काय, एक फेज गेल्यावर मोटार का बंद करावी लागते, रात्रीच्या पाळीत लाइन आल्यावर ओलितासाठी कोणाला उठावे लागते, हे शेतकऱ्याच्या व शेतमजुराच्या मुलाला पाठ असते. गणपतीच्या आराशीसाठी पूर्वी ज्या दिव्यांच्या माळा लावीत, त्यांतील एक बल्ब गेला की सगळी माळ अंधारात जाई आणि घरातील कोणी तरी एकेक बल्ब काढून पाहत बसे, हेही मागच्या पिढीला ठाऊक आहे. ती एकसर जोडणी होती. सहा-सहा व्होल्टचे अडतीस-चाळीस बल्ब एकामागून एक ओवले म्हणजे २३० व्होल्टचा दाब त्यांच्यात वाटला जाई. आजच्या एलईडीच्या माळेत काही बिघडले तर बहुधा तिचा एखादाच तुकडा विझतो आणि बाकीची माळ चालू राहते. कारण तीत लहान लहान एकसर तुकडे परस्परांना समांतर जोडलेले असतात. म्हणजे दोन्ही जोडण्यांचा फरक मुलाच्या डोळ्यांसमोर आहे. शाळेने त्याला फक्त हात घालायचा आहे.

शाळा मात्र वेगळा मार्ग धरते. फळ्यावर आकृती निघते. नागमोडी रेघ म्हणजे रोध, लहान-मोठ्या दोन रेघा म्हणजे विद्युतघट. मग एक भागिले आर, एक भागिले आर-एक अधिक एक भागिले आर-दोन असे समीकरण येते. ज्याला अपूर्णांकांची बेरीज जमते त्याला पूर्ण गुण मिळतात. त्याला वीज समजली, असा निष्कर्ष मात्र त्यातून काढता येत नाही. केवळ भारतातील शाळांचीच ही स्थिती आहे असेही नाही. १९९७ साली अमेरिकेत तयार झालेल्या ‘माइंड्स ऑफ अवर ओन’ या माहितीपटात, एका जगप्रसिद्ध तंत्रविद्यापीठातून त्याच दिवशी पदवी घेऊन बाहेर पडलेल्या तरुणांच्या हाती एक सेल, एक बल्ब व एक तार देण्यात आली. बल्ब पेटवून दाखविणे त्यांच्यातील अनेकांना जमले नाही. त्यांना समीकरणे येत नव्हती असे कोण म्हणेल?

मुलांच्या मनात विजेविषयी काही कल्पना शाळेत येण्यापूर्वीच तयार असतात आणि त्या सूत्राने हटत नाहीत, हे १९८० च्या दशकापासून अनेक देशांतील अभ्यासकांनी नोंदविले आहे. पहिली कल्पना अशी की बल्ब प्रवाह खाऊन टाकतो. म्हणून एका ओळीतील पहिल्या बल्बला जास्त व दुसऱ्याला उरलेला प्रवाह मिळतो. दुसरी अशी की सेल नेहमी ठरावीकच प्रवाह देतो. म्हणून दोन बल्ब समांतर लावले तर तो दोघांत अर्धा अर्धा वाटला जाईल. या दोन्ही कल्पना चुकीच्या आहेत, परंतु मूर्खपणाच्या नाहीत. भाकरी दोघांत वाटली तर प्रत्येकाला अर्धी मिळते, हा मुलाचा अनुभव आहे. त्या अनुभवाला फळ्यावरचे समीकरण उत्तर देऊ शकत नाही. उत्तर देऊ शकतो तो पेटलेला बल्ब.

त्यासाठी लागणारे साहित्य दोन-तीन वह्यांच्या किमतीत बसते. टॉर्चचे दोन सेल, तारेच्या टोच्याचे, अडीच व्होल्टचे तीन-चार लहान बल्ब, थोडी वायर, आणि सेलच्या दोन टोकांवर तार घट्ट दाबून धरण्यासाठी सायकलच्या जुन्या ट्यूबचा कापलेला रबरी पट्टा. सेल एकामागून एक ठेवले की तीन व्होल्टचा दाब मिळतो. प्रथम एकच बल्ब पेटवावा. नंतर दोन बल्ब एकाच ओळीत जोडावेत. जोडण्यापूर्वी प्रत्येक मुलाने आपला अंदाज वहीत लिहिलाच पाहिजे, कारण अंदाज न लिहिता पाहिलेले पुढे विसरले जाते. पहिला बल्ब जास्त उजळेल असे लिहिणारी मुले वर्गात भेटतातच. प्रत्यक्षात एकाच जातीचे दोन्ही बल्ब सारखेच मंद जळतात. सेलांची दिशा उलटी केली तरी सारखेच जळतात. प्रवाह वाटेत खाल्ला जात नाही, हे शिक्षकाने न सांगताच सिद्ध होते. एक बल्ब काढला की दुसराही विझतो, आणि जुन्या माळेचे कोडे सुटते.

यानंतर समांतर जोडणी करावयाची. वऱ्हाडात तुराट्यांना तोटा नाही. काळ्या मातीच्या गोळ्यांत तुराटीचे तुकडे उभे करून त्यांवरून दोन तारा ताणाव्यात, जणू गावातून गेलेली लाइन. एक तार सेलाच्या एका टोकाला, दुसरी दुसऱ्या टोकाला. आता प्रत्येक बल्बचा एक पाय या तारेला व दुसरा त्या तारेला जोडावा. बाजूने पाहिले तर शिडी दिसते: दोन तारा हे तिचे दोन उभे दांडे आणि बल्ब या पायऱ्या. एक पायरी काढली तरी बाकीच्या जागेवर राहतात. एक बल्ब काढला तरी बाकीचे जळत राहतात. प्रत्येक बल्बला पूर्ण तीन व्होल्टचा दाब मिळतो, म्हणून तो एकसर जोडणीतल्यापेक्षा कितीतरी उजळ दिसतो. भाकरीचा हिशेब येथे चालत नाही, कारण सेल ठरावीक प्रवाह वाटून देत नाही; जितक्या वाटा उघडाव्यात तितका अधिक प्रवाह तो पुरवितो. वाटा वाढल्या की एकूण अडथळा कमी होतो, हे मुलाने एकदा पाहिले की नववीतील अपूर्णांकाचे सूत्र त्याला ओळखीचे वाटेल.

बहुतेक पुस्तके येथे थांबतात. खरा पाठ येथून सुरू होतो.

तिसरा व चौथा बल्ब जोडला की सगळेच बल्ब किंचित मंदावतात. पुस्तक सांगते की समांतर जोडणीत एका बल्बचा दुसऱ्यावर परिणाम होत नाही. डोळे सांगतात की होतो. अशा वेळी प्रयोग फसला असे समजून सामान गोळा करण्याची प्रवृत्ती असते. मुलेही पुस्तकातील वाक्यच निरीक्षण म्हणून वहीत उतरवितात. याहून मोठे शैक्षणिक नुकसान दुसरे नाही. प्रयोग फसलेला नसतो. प्रत्येक बल्ब सुमारे ०.३ अँपिअर प्रवाह घेतो असे धरले, तर दोन बल्बांना ०.६ आणि चारांना १.२ अँपिअर लागतात, आणि हा सगळा प्रवाह सेलाच्या पोटातून व सुरुवातीच्या सामाईक तारेतून जातो. सेलालाही स्वतःचा रोध असतो, तारेलाही असतो. भार वाढला की दाबाचा काही भाग तेथेच खर्च होतो व बल्बांपर्यंत कमी पोहोचतो. सेलही लवकर संपतात. पुस्तकातील वाक्य आदर्श सेल व आदर्श तारांपुरते खरे आहे; दुकानातून आणलेला सेल आदर्श नसतो. समांतर जोडणी प्रत्येकाला स्वतंत्र करते, परंतु सामाईक तारेवरील ओझ्यापासून कोणाचीही सुटका करीत नाही.

हे वाक्य वाचल्यावर त्यातून समाजाविषयी एखादे रूपक काढण्याचा मोह होण्याजोगा आहे. तो आवरणे बरे. रूपकाने शिकविलेले विज्ञान ना विज्ञान राहते ना समाजशास्त्र. शिवाय त्याची गरजही नाही, कारण तुराट्यांच्या लाइनवर जे दिसले तेच, मोठ्या प्रमाणावर, गावाबाहेरच्या डीपीवर प्रत्यक्ष घडत असते. शेतातील सारे पंप एका रोहित्रावर परस्परांना समांतर जोडलेले असतात. ५ अश्वशक्तीचा एक पंप साधारण ६ केव्हीए भार टाकतो असे धरले, तर ६३ केव्हीएच्या रोहित्रावर असे दहा पंप सुखाने चालतील. अकरावा, बारावा, पंधरावा पंप जोडला गेला तर तोही चालेल. समांतर जोडणी त्याला नाही म्हणणार नाही. फक्त सर्वांचा दाब उतरेल, लाइनच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याचा सर्वांत जास्त उतरेल, मोटारी तापतील आणि एखाद्या रात्री डीपी जळेल. त्यात आणखी एक भर पडते. लाइन येताच पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून ऑटोस्विच बसविलेले असतात. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहापट प्रवाह ओढते. सगळे पंप एकाच क्षणी उठले तर रोहित्रावर काय ओढवत असेल, याचा हिशेब सातवीतील मुलगी भागाकार व गुणाकाराने करू शकते.

शेतकरी ऑटोस्विच हौसेने बसवीत नाहीत, हेही येथेच सांगितले पाहिजे. वीज रात्रीच्या पाळीत आणि अवेळी येते म्हणून ते बसविले जातात. अंधारात, चिखलात, सापाकिरड्यांत उभे राहून मोटार चालू करण्यापेक्षा कोणीही तोच मार्ग पत्करील. डीपी जळण्याचा दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही व एकट्या वीज कंपनीचाही नाही. भाराचा, पाळ्यांचा व रोहित्राच्या क्षमतेचा तो एकत्रित प्रश्न आहे. परंतु ज्या गावाला हा प्रश्न समजतो ते गाव नेमकी मागणी करू शकते: किती भार, किती क्षमता, कोणती पाळी. ज्याला समजत नाही ते गाव फक्त संतापू शकते किंवा वर्गणी गोळा करू शकते. अकोला जिल्ह्यात पारस येथे प्रत्येकी २५० मेगावॅटचे दोन संच वीज निर्माण करतात. त्याच जिल्ह्यातील मुलाला विजेचे गणित केवळ परीक्षेपुरते कळावे, ही स्थिती शोभणारी नाही.

सामाईक तारेवरील ओझ्याचा हा प्रश्न नवा नाही. विजेचे दिवे घरोघरी नेण्याच्या इतिहासाचा तो केंद्रबिंदू होता. १८७० च्या दशकात रस्त्यांवरचे प्रखर कमानी दिवे एकसर जोडीत. घरातील प्रत्येक दिवा स्वतंत्रपणे लावता-मालविता यावा यासाठी समांतर जोडणी हवी होती. परंतु त्या वेळच्या कमी रोधाच्या दिव्यांना इतका प्रवाह लागला असता की मुख्य तारांसाठी तांब्याचा खर्च परवडलाच नसता. विल्यम प्रीस यांच्यासारख्या नामांकित ब्रिटिश अभियंत्यानेही विजेच्या प्रकाशाची अशी वाटणी म्हणजे मृगजळ मानले होते. एडिसन व त्याच्या सहकाऱ्यांनी १८७९ च्या सुमारास नेमकी हीच गाठ सोडविली. त्यांनी अधिक रोधाचा दिवा केला. रोध जास्त म्हणजे प्रवाह कमी, आणि प्रवाह कमी म्हणजे तार बारीक. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील केंद्रातून अशा समांतर दिव्यांना वीज मिळू लागली. एडिसनने दिवा शोधला, एवढेच पाठ करणाऱ्या मुलाला त्या दिव्यात अवघड काय होते हे कधीच कळत नाही. तुराट्यांची लाइन उभारलेल्या मुलाला ते एका वाक्यात कळेल.

यावर नेहमीचे आक्षेप घेतले जातील: शाळेत साहित्य नाही, शिक्षकांवर कामांचा बोजा आहे, अभ्यासक्रम पुरा होत नाही. यांतील शिक्षकांवरील बोजाचा आक्षेप खरा आहे. परंतु खेड्यातील शाळेत हे होऊच शकत नाही, हा आक्षेप इतिहासाने खोडलेला आहे. सातपुड्याच्या याच दक्षिण पायथ्याशी, जळगाव जिल्ह्यातील खिरोदा येथे, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने १९७० च्या दशकात ग्रामीण शाळांतील विज्ञानाचे अध्यापन सुधारण्याचा प्रकल्प चालविला. सातपुड्याच्या उत्तरेला, आज नर्मदापुरम म्हटल्या जाणाऱ्या होशंगाबाद जिल्ह्यात, किशोर भारती व रसुलिया येथील मित्र-मंडळ केंद्र या संस्थांच्या पुढाकाराने १९७२ साली सहावी ते आठवीच्या १६ शाळांत प्रयोगाधारित विज्ञान सुरू झाले. १९७८ मध्ये ते जिल्ह्यातील सर्व शाळांत गेले व १९८२ नंतर ‘एकलव्य’ संस्थेने ते पुढे नेले. चार-चार मुलांचे गट, साध्या साहित्याची पेटी, ‘बाल वैज्ञानिक’ हे पुस्तक, आणि पुस्तक उघडे ठेवून द्यावयाची परीक्षा, अशी त्याची रचना होती. प्रयोगाचीही परीक्षा होत असे. याच वातावरणातून अरविंद गुप्तांची काड्या, रबर व टाकाऊ वस्तूंपासून केलेली विज्ञान-खेळणी देशभर गेली. तीस वर्षे चाललेला हा उपक्रम २००२ साली मध्य प्रदेश शासनाने बंद केला. तो मुलांना झेपला नाही म्हणून बंद पडला नाही. शासकीय आदेशाने जे बंद होते ते शासकीय आदेशाने सुरूही होऊ शकते, हा त्याचा दुसरा अर्थ.

तपशिलाचा एक आक्षेप मात्र विचारात घेतला पाहिजे. तारेच्या टोच्याचे लहान बल्ब आता बाजारात विरळ होत चालले आहेत व सर्वत्र एलईडी आले आहेत. एलईडीने समांतर जोडणी शिकविताना एक फसगत होते. लाल व पांढरा एलईडी एकाच रोधातून समांतर जोडले तर लाल पेटतो आणि पांढरा बहुधा पेटतच नाही. लाल एलईडी सुमारे दोन व्होल्टवर प्रवाह वाहू देतो, पांढऱ्याला सुमारे तीन व्होल्ट लागतात. लालने दाब दोन व्होल्टपाशी रोखून धरला की पांढऱ्याच्या वाट्याला पुरेसा दाब येत नाही. याशिवाय एलईडी उलटा जोडला तर पेटत नाही. म्हणून सुरुवात जुन्या बल्बनेच करावी. एलईडी वापरावयाचाच असेल तर एकाच रंगाचे व प्रत्येकाला वेगळा रोध देऊन वापरावेत. अशा बारकाव्यांचे प्रशिक्षण शिक्षकाला मिळाले पाहिजे. ते न देता परिपत्रक काढणे म्हणजे शिक्षकाला वर्गासमोर तोंडघशी पाडणे होय. आणि घरातील २३० व्होल्टच्या विजेवर मुलांनी कोणताही प्रयोग करावयाचा नाही, हा नियम पहिल्याच तासाला, कारणासह, सांगितला पाहिजे. तीन व्होल्टवर शिकलेले मूल आकडा टाकलेल्या तारेजवळ जाण्याआधी विचार करील; न शिकलेल्याला फक्त भीती असते किंवा बेफिकिरी.

या शिक्षणापासून वंचित कोण राहते, हा प्रश्न उरतो. ज्यांच्या पालकांना परवडते त्यांच्या मुलांना तयार संच, शिकवणी व शहरातील विज्ञान-केंद्रे मिळतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत येणाऱ्या मजुराच्या मुलाला जे मिळावयाचे ते शाळेतच मिळते किंवा मिळतच नाही. त्यातही कधी प्रयोग झालाच तर तारा मुलांच्या हाती आणि निरीक्षणे लिहिण्याची वही मुलींच्या हाती, ही वाटणी न सांगता होत असते. वायरमनचे काम मुलाचे व सुवाच्य अक्षर मुलीचे, असे शाळेनेच ठरवून टाकावे हे लाजिरवाणे आहे. हाताच्या कामाला शिक्षणात कनिष्ठ लेखू नये, हा विचार १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत, म्हणजे विदर्भाच्या भूमीवरच मांडला गेला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमाने कृती, शोध व अन्वेषण यांतून शिक्षण देण्याचे बंधन घातले आहे. विजेच्या बाबतीत तर शासनाने २००४ सालीच असे ठरविले की गावातील शाळेसारख्या सार्वजनिक ठिकाणी व दलित वस्तीपर्यंत वीज पोहोचल्याखेरीज ते गाव विद्युतीकरण झालेले मानू नये. शाळेत वीज पोहोचणे आणि विजेचे ज्ञान पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच त्या व्याख्येत जोडावयाचे राहिले.

मागण्या मोठ्या नाहीत. सहावी ते आठवीच्या प्रत्येक शाळेत चार-चार मुलांच्या गटांना पुरेल अशी सेल-बल्बांची पेटी असावी, आणि सेल संपले की ते पुन्हा घेण्यासाठी दरवर्षी थोडी रक्कम मुख्याध्यापकाच्या हाती असावी. शिक्षकाला दोन दिवस स्वतःच्या हाताने हे सर्व करून पाहण्याची संधी मिळावी. वार्षिक परीक्षेत एक प्रश्न तरी असा असावा की ज्याचे उत्तर लिहून नव्हे, जोडून द्यावयाचे आहे. गावातील वायरमनला वर्षातून एकदा वर्गात बोलवावे. डीपीवर किती भार आहे हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असते? आणि मुलाने वहीत ‘चौथा बल्ब लावल्यावर सगळे मंदावले’ असे लिहिले, तर पुस्तकात तसे नाही म्हणून त्याचे गुण कापू नयेत. त्या वाक्यासाठीच पूर्ण गुण द्यावेत.